पेटी वाजवणाऱ्याने पहिला छोटा मिडी कीबोर्ड कोणता घ्यावा?

शिवारातली पेटी (आर्वी तालुका, जि. वर्धा)

नमस्कार मंडळी. मी गेली नऊ वर्षे गावच्या भजन मंडळात पेटी वाजवतो. खंजिरी भजनांच्या चालींखाली इलेक्ट्रॉनिक ठेका आणि सिंथचे (सिंथेसायझरचे) सूर घालून काही नवे करून पाहावे, अशी इच्छा मनात बरेच दिवस आहे. आतापर्यंत मोबाइलच्या पडद्यावर बोटे आपटून दोन-तीन तुकडे तयार केले, पण ज्याचा हात पट्ट्यांवर बसला आहे त्याला काचेवर वाजवणे जमत नाही. म्हणून लॅपटॉपला जोडता येईल असा एखादा लहान मिडी कीबोर्ड घ्यावा, असे ठरवले आहे.

कापूस विकल्यावर या कामासाठी दहा हजार रुपये बाजूला ठेवता येतील, त्याहून अधिक नाही. लॅपटॉप बहिणीच्या शिक्षणासाठी घेतलेला आहे, त्यात आय-थ्री प्रोसेसर आणि ४ जीबी रॅम आहे. घरात टेबल नाही, म्हणजे कीबोर्ड मांडीवर किंवा पाटावर ठेवूनच वाजवावा लागेल. मंडळ दुसऱ्या गावी जाते तेव्हा तो मोटारसायकलवर पिशवीतून नेता यावा, हीदेखील एक अडचण आहे.

पाहणी केल्यावर आकाई एमपीके मिनी, आर्टुरिया मिनीलॅब ३ आणि नोव्हेशन लाँचकी मिनी ही तीन नावे सारखी समोर येतात. तिन्हींना २५ पट्ट्या आहेत, तिन्हींना पॅड (बोटांनी ठेका वाजवायचे रबरी चौकोन) आहेत आणि फिरवायच्या खुंट्या आहेत. चित्रफितींमध्ये सगळे जण पॅडवर ठेके वाजवून दाखवतात, पण त्यातला एकही जण पेटीवरून आलेला दिसत नाही. आमच्या पेटीला साडेतीन सप्तके आहेत आणि आमचे बुवा पांढरी दोनमध्ये, म्हणजे सप्तकातली दुसरी पांढरी पट्टी षड्ज धरून, गातात. दोन सप्तकांत माझे भागेल का, की थोडे थांबून मोठाच कीबोर्ड घ्यावा? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

---

काळी चार (नागपूर)

भाऊ, आपला प्रश्न वाचून बरे वाटले, कारण मीही पेटीवरूनच या कामाकडे आलो आणि पहिल्या वर्षी ज्या चुका केल्या त्या टाळता आल्या असत्या असे आता वाटते. सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण आपल्याकडे कोणत्याही कीबोर्डला सरसकट ‘कॅसिओ’ म्हणण्याची सवय आहे आणि त्यातून गैरसमज होतो. आपण सांगितलेल्या तिन्ही कीबोर्डांना स्वतःचा आवाज नाही. कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली आणि कधी सोडली, एवढाच निरोप ते लॅपटॉपला पाठवतात; या निरोपांच्या भाषेलाच मिडी म्हणतात. आवाज तयार होतो तो सॉफ्टवेअरमध्ये. त्यामुळे ‘कोणत्या कीबोर्डाचा आवाज चांगला’ हा प्रश्नच इथे उरत नाही. ‘कोणता कीबोर्ड माझ्या हाताचा निरोप नीट पोहोचवतो’ एवढाच प्रश्न उरतो.

आता दोन सप्तकांचा हिशेब मांडू. पेटीवर आपला डावा हात भात्यावर असतो आणि वाजवतो तो एकटा उजवा हात; म्हणून पियानो शिकलेल्या माणसाला २५ पट्ट्या जेवढ्या तोकड्या वाटतात, तेवढ्या त्या आपल्याला वाटत नाहीत. मात्र पट्टी कोणती धरता यावर सगळे अवलंबून आहे. या कीबोर्डांची पहिली पट्टी पांढरी एक असते आणि शेवटचीही पांढरी एकच असते. पांढरी दोन हा षड्ज धरून आपण खालच्या सप्तकातून सुरुवात केली, तर षड्जाखाली जेमतेम कोमल निषाद मिळतो आणि मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचम हाताला लागतच नाही. वरच्या सप्तकातला पांढरी दोन धरला, तर मंद्र सप्तक पूर्ण मिळते, पण वर कोमल निषादापाशी पट्ट्या संपतात आणि तार षड्जच हाती येत नाही.

यावर उपाय सोपा आहे. हात पांढरी चारवर ठेवा. तिथे षड्ज धरला की खालची शेवटची पट्टी बरोबर मंद्र पंचम येते आणि वरची शेवटची पट्टी बरोबर तार पंचम येते. भजनाला याहून अधिक विस्तार क्वचितच लागतो. मग कीबोर्डावर किंवा सॉफ्टवेअरमध्ये ट्रान्सपोज उणे ३ करा, म्हणजे हात पांढरी चारवर राहील आणि कानाला पांढरी दोन ऐकू येईल. बुवांनी आयत्या वेळी ‘आज घसा बसला आहे, काळी एक घ्या’ म्हटले, तर आकडा उणे ४ करायचा आणि हात जिथे आहे तिथेच ठेवायचा. पेटीवर ही सोय फक्त महागड्या स्केलचेंजर पेटीत मिळते.

खरी अडचण पट्ट्यांच्या संख्येची नाही, दाबाची आहे, आणि ती मला कोणी आधी सांगितली नव्हती. पेटीवर बोट हळू ठेवले काय किंवा जोराने ठेवले काय, आवाज तेवढाच येतो, कारण आवाजाचा चढउतार भात्यातून होतो. मिडी कीबोर्ड मात्र प्रत्येक स्वराबरोबर १ ते १२७ असा जोराचा आकडा पाठवतो, त्याला व्हेलॉसिटी म्हणतात. वर्षानुवर्षे पेटी वाजवलेल्या माणसाची बोटे याबाबतीत अगदी बेफिकीर झालेली असतात. मी पहिल्या दिवशी भूपाची साधी सरगम वाजवली तेव्हा गंधार किंचाळत होता आणि पंचम तोंडातल्या तोंडात पुटपुटत होता. मला वाटले कीबोर्ड बिघडला आहे. बिघाड माझ्या अनामिकेत होता.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे डावा हात. भाता नसल्यामुळे तो अचानक रिकामा होतो. चित्रफितींतले लोक त्याला पॅडवर ठेवतात, पण आपण त्याला भात्याचे काम परत द्यावे, असे माझे मत आहे. मिडीमध्ये ११ क्रमांकाचा कंट्रोल ‘एक्स्प्रेशन’साठी ठेवलेला आहे, म्हणजे स्वर चालू असतानाच त्याचा आवाज फुगवणे आणि ओसरवणे. एखादी खुंटी किंवा सरकपट्टी या ११ ला जोडली आणि डाव्या हाताने ती चालवली, की सिंथचा लांब सूरसुद्धा श्वास घेऊ लागतो. या एका कारणासाठी मी आपल्याला मिनीलॅब ३ सुचवीन, कारण तिन्हींपैकी त्यातच चार सरकपट्ट्या आहेत. खुंटीनेही काम होते, पण खुंटी चिमटीत धरून फिरवावी लागते आणि हाताला भात्यासारखे पुढेमागे करता येत नाही. एमपीके मिनीच्या तिसऱ्या आवृत्तीची दांडी (जॉयस्टिक) यासाठी उपयोगाची नाही, कारण सोडली की ती मध्यावर परत येते. मींडेसाठी, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सूर ओढत नेण्यासाठी, मात्र तीच दांडी फार गोड चालते. पेटीला मींड नाही याची जन्मभराची खंत तिथे भरून निघते. सॉफ्टवेअरमध्ये पिच बेंडची कक्षा बहुधा दोन अर्धस्वरांवर ठरवलेली असते, ती पाच केली की षड्जावरून मध्यमापर्यंत सूर ओढता येतो.

---

झाडीची वादक (देसाईगंज वडसा, जि. गडचिरोली)

वरच्या दादांचा भात्याचा विचार मला मनापासून पटला, परंतु त्यांच्या शिफारशीशी मी सहमत नाही. मी झाडीपट्टीच्या नाटकांना कीबोर्डची साथ करते. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की रात्रीमागून रात्र पहाटेपर्यंत वाजवावे लागते. लहान पट्ट्यांच्या कीबोर्डावर हात बसला आणि नंतर मोठ्या पट्ट्यांवर आला, तर काय होते हे मी माझ्याच एका विद्यार्थ्याच्या बाबतीत पाहिले आहे. त्याची सप्तकाची उडी प्रत्येक वेळी एक पट्टी आधी पडत होती. महिनाभर तो वाजवताना खाली बघत राहिला, आणि रंगमंचावर काय चालले आहे हे बघायचे सोडून साथीदार पट्ट्यांकडे बघू लागला की साथ गेलीच म्हणून समजा.

लहान पट्ट्या म्हणजे नेमक्या किती लहान, याचा अंदाज घरबसल्या करता येतो. मोठ्या मापाची एक पांढरी पट्टी सुमारे साडेतेवीस मिलिमीटर जागा घेते. २५ पट्ट्यांत पांढऱ्या १५ असतात, म्हणजे नुसत्या पट्ट्यांनाच पस्तीस सेंटीमीटर हवेत. एमपीके मिनीची संपूर्ण रुंदी सुमारे ३२ सेंटीमीटर आहे. पट्ट्या आखडल्याशिवाय हे जमणारच नाही. आपण नऊ वर्षे पेटी वाजवली आहे आणि पुढेही मंडळात पेटीच वाजवणार आहात. एकच हात दोन मापांत वाटून टाकणे आपल्याला परवडेल का, याचा आधी विचार करावा.

ज्यांना केवळ लॅपटॉपवर तुकडे रचायचे आहेत, एक-एक स्वर भरून नंतर माउसने नीट करायचे आहेत, त्यांना लहान पट्ट्या चालतात, हे मी नाकारत नाही. ज्यांना चाल हातातून काढायची आहे त्यांनी मोठ्या मापाच्या पट्ट्या घ्याव्यात, मग पॅड नसले तरी चालेल. एम-ऑडिओचा कीस्टेशन ४९ असा आहे. त्याला पॅड नाहीत, खुंट्यांची गर्दी नाही. डाव्या बाजूला दोन चाके आणि आवाजाची एक सरकपट्टी आहे. त्यातले मॉड्युलेशनचे चाक ठेवाल तिथे थांबते, म्हणजे दादांचा भाता त्यावरही चालेल. अडचण एवढीच, की ४९ पट्ट्यांत २९ पांढऱ्या येतात, पट्ट्याच अडुसष्ट सेंटीमीटर भरतात आणि वर चाकांची जागा वेगळी. मोटारसायकलवर तो आडवा बांधून न्यावा लागेल. गावच्या रस्त्यांनी तसा नेण्याचा सल्ला मी देणार नाही.

आणखी एक सुचवते. नवे काही घेण्यापूर्वी गावात किंवा शेजारच्या बँड पार्टीत एखादा जुना कीबोर्ड धूळ खात पडला आहे का, ते पाहा. यामाहाच्या पीएसआर-आय ५०० सारख्या, भारतीय ताल आणि वाद्ये असलेल्या घरगुती कीबोर्डांनाही मागे संगणकाला जोडायची यूएसबी जागा असते. प्रिंटरला लागते तीच चौकोनी तोंडाची केबल त्यात बसते, आणि तो कीबोर्ड त्या क्षणापासून मिडी कीबोर्ड होतो. अशी केबल तालुक्याच्या कोणत्याही झेरॉक्सच्या दुकानात पाहायला मिळते. काही कीबोर्डांना कंपनीचा ड्रायव्हर आधी टाकावा लागतो, बहुतेकांना लागत नाही. आणि धुमालवाल्यांपैकी (मिरवणुकीत वाजवणाऱ्या पथकांपैकी) कोणी ओळखीचे असेल, तर त्यांचा ऑक्टापॅडही याच कामाला येतो. रोलँडच्या जुन्या एसपीडी-२० ला पाच पिनांचा गोल मिडी आउट आहे. मिडीचे यूएसबी करणारी केबल लावली की तो लॅपटॉपशी बोलतो. काठीने आठ पॅडवर ठेका वाजवणाऱ्याला मग एमपीकेचे रबरी चौकोन खेळण्यासारखे वाटतात, हे मात्र आधीच सांगून ठेवते.

---

बफर २५६ (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

कीबोर्डविषयी दोघांनीही चांगले लिहिले आहे, पण ज्या यंत्रावर हे सगळे चालायचे आहे त्याकडे कोणी वळलेले नाही. मी लॅपटॉप दुरुस्तीचे काम करतो. ‘कीबोर्ड उशिरा वाजतो, परत करायचा आहे’ म्हणून माझ्याकडे आलेल्या लोकांपैकी एकाचाही कीबोर्ड दोषी निघालेला नाही.

पट्टी दाबल्यापासून आवाज येईपर्यंतचा वेळ, म्हणजे लेटन्सी, हा मुख्यतः लॅपटॉपचा आणि त्याच्या ऑडिओ ड्रायव्हरचा विषय आहे. लॅपटॉप आवाजाचे तुकडे एका साठ्यात भरून पुढे सोडतो, त्या साठ्याला बफर म्हणतात. एका सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने (मोजमापे) धरले, तर २५६ नमुन्यांचा बफर म्हणजे सुमारे ६ मिलिसेकंद, ५१२ चा म्हणजे सुमारे १२ आणि १०२४ चा म्हणजे २३ मिलिसेकंद. याशिवाय ड्रायव्हरचा आणि यंत्राचा स्वतःचा थोडा वेळ वर चढतो. हे आकडे कोरडे वाटतील, म्हणून भजनाच्या भाषेत सांगतो. आवाज हवेतून एका सेकंदात साधारण ३४० मीटर जातो. १२ मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे ढोलकीवाला आपल्यापासून चार मीटरवर, मांडवाच्या दुसऱ्या टोकाला बसला आहे, एवढाच. एवढ्यावर कोणाचाही ताल चुकत नाही. ब्लूटूथचा स्पीकर किंवा कानातले लावले, तर उशीर सहज शंभर मिलिसेकंदांच्या पुढे जातो. तेव्हा तोच ढोलकीवाला चौतीस मीटरवर, पाराच्या पलीकडे ग्रामपंचायतीच्या ओट्यावर जाऊन बसलेला असतो. म्हणून वाजवताना तारेचे हेडफोनच वापरावेत. ब्लूटूथ फक्त तयार झालेले गाणे ऐकण्यापुरते ठेवावे.

विंडोजवर नेहमीच्या ड्रायव्हरने उशीर जास्तच राहतो. एसियो प्रकारचा ड्रायव्हर निवडला की तो लगेच उतरतो. वेगळे ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपबाहेरचे साउंड कार्ड) नसेल, तर एसियोफॉरऑल हा मोफत ड्रायव्हर टाकावा. एफएल स्टुडिओ या गाणी रचायच्या सॉफ्टवेअरबरोबर त्यांचा स्वतःचा एसियो ड्रायव्हर येतो, तोही चालतो. आपल्या आय-थ्रीवर २५६ ला आवाज तडतडू लागला, तर ५१२ वर स्थिर व्हावे आणि त्याची लाज बाळगू नये. ४ जीबी रॅममध्ये मोठमोठी ध्वनिमुद्रणे असलेली ऑर्केस्ट्राची वाद्ये उघडण्याच्या फंदात पडू नये, ब्राउझर बंद ठेवावा, आणि स्थानिक दुकानात मिळाली तर ४ जीबीची आणखी एक रॅम टाकून घ्यावी, जागा मोकळी असेल तर. बहिणीचीही त्यात सोय होईल. सिंथपैकी सर्ज एक्सटी हा मोफत आहे आणि जुन्या यंत्राला झेपतो. व्हायटलची मोफत आवृत्ती दिसायला फार देखणी आहे, पण चार-पाच सूर एकदम धरले की असा प्रोसेसर धापा टाकतो.

विजेचा विचारही याच जागी करून टाकावा. आपण पाहिलेले तिन्ही कीबोर्ड यूएसबीवरूनच वीज घेतात, म्हणजे भारनियमनात लॅपटॉपची बॅटरी जेवढी टिकेल तेवढा वेळ काम चालते. वेगळा अडॅप्टर लागत नाही. यूएसबी हब मात्र मध्ये घालू नये; स्वस्त हबमधून वीज कमी पडली की कीबोर्ड मधूनच गळतो, आणि स्वर सोडल्याचा निरोप न पोहोचल्यामुळे एखादा सूर भुतासारखा वाजतच राहतो. असे झाले तर घाबरू नये, सॉफ्टवेअरमधले ‘पॅनिक’ बटण दाबावे.

मोबाइलवरही हे सगळे होते. अँड्रॉइडमध्ये ६.० आवृत्तीपासून मिडीची सोय आहे, ओटीजीची पिन लावली की कीबोर्ड ओळखला जातो. फक्त कीबोर्ड मोबाइलचीच बॅटरी खातो आणि उशीर प्रत्येक मोबाइलला वेगळा असतो.

---

शिवारातली पेटी (आर्वी तालुका)

आपण तिघांनीही एवढा वेळ देऊन लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. झाडीच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे शोध घेतला, तेव्हा शेजारच्या गावातल्या बँडवाल्यांकडे यूएसबीची जागा असलेला एक कीबोर्ड निघाला आणि त्यांनी तो आठ दिवसांसाठी दिला. केबल मात्र झेरॉक्सच्या दुकानात नव्हती. सेतू केंद्रातल्या मुलाने त्याच्या प्रिंटरची काढून दिली आणि दाखले छापायची वेळ झाली की परत नेली. त्यामुळे माझा रियाज सध्या सेतू केंद्र बंद झाल्यावर सुरू होतो.

पहिल्या दिवशी सूर इतका उशिरा येत होता की मी हातच जोडले होते. मग पाहिले, तर स्पीकर ब्लूटूथचा होता. तारेचे हेडफोन लावले, एसियोफॉरऑल टाकला, बफर ५१२ वर ठेवला आणि अडचण संपली. पांढरी चारवर हात ठेवून उणे ३ करण्याची युक्तीही बुवांसमोर करून पाहिली. बुवा लॅपटॉपकडे बघत म्हणाले, ‘सूर माझाच आहे, पण तू भलतीकडेच बोटे ठेवतोस.’

आता दोन शंका उरल्या आहेत. एक म्हणजे सॉफ्टवेअर कोणते घ्यावे. आणि दुसरी म्हणजे वापरलेला मिनीलॅब किंवा एमपीके कमी पैशांत मिळत असेल, तर घ्यावा का?

---

काळी चार (नागपूर)

जुने घ्यायला तत्त्वतः हरकत नाही. मिडी १९८३ साली आले. त्या वर्षी जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम प्रदर्शनात सिक्वेन्शिअल कंपनीचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ हे दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथ एका तारेने जोडून दाखवले होते. स्वरांचे तेच निरोप आजही तसेच चालतात. मधल्या सप्तकातल्या पांढरी एकचा क्रमांक तेव्हाही ६० होता आणि आजही ६० आहे. त्यामुळे पाच-सात वर्षांचा कीबोर्ड ‘जुन्या पद्धतीचा’ म्हणून टाकाऊ होत नाही. झिजतात ती रबरे आणि खुंट्या.

मात्र एक तोटा लक्षात ठेवा. नव्या मिनीलॅब किंवा लाँचकी मिनीबरोबर एबलटन लाइव्ह लाइट या सॉफ्टवेअरचा परवाना मिळतो आणि तो कीबोर्डाच्या क्रमांकावर नोंदवायचा असतो. आधीच्या मालकाने तो वापरला असेल, तर आपल्याला फक्त पट्ट्या मिळतील. लाइटमध्ये एका गाण्यात ८ ट्रॅकच घेता येतात, तरी खंजिरी, ठेका, खालचा सूर, सिंथ आणि गळा एवढे मांडायला तेवढे पुरतात. आकाईच्या बाजूला एमपीसी बीट्स आहे, ते मात्र कीबोर्ड कोणताही असला तरी मोफत उतरवता येते.

माझे स्वतःचे काम रीपरवर चालते. ते ६० दिवस पूर्ण सोयींसह वापरून पाहता येते, नंतरचा वैयक्तिक परवाना ६० डॉलरचा आहे, आणि मुख्य म्हणजे ते आकाराने इतके लहान आहे की गावातल्या नेटवर्कवरही चहा होईपर्यंत उतरते. त्याबरोबर वाद्यांचे आवाज फारसे येत नाहीत, ते आपण जमवायचे. एफएल स्टुडिओची चाचणी आवृत्ती मोफत आहे, पण तीत जतन केलेले काम विकत घेतल्याशिवाय पुन्हा उघडता येत नाही. हे माहीत नसल्यामुळे रात्रभर केलेले काम सकाळी उघडत नाही म्हणून रडकुंडीला आलेली मुले मी पाहिली आहेत. आणि कोणी ‘क्रॅक’ देतो म्हणाले, तर बहिणीच्या लॅपटॉपवर ते टाकू नका. तिचा प्रकल्प अहवाल त्यातच आहे.

---

झाडीची वादक (देसाईगंज वडसा)

वापरलेला कीबोर्ड असो की नवा, ज्या दिवशी हातात येईल त्याच दिवशी तपासावा, ही माझी कळकळीची विनंती आहे. मी दोन वर्षांपूर्वी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवलेल्या कीबोर्डाची एक काळी पट्टी मुकी निघाली. परत करायला गेले, तर ‘आपल्या पिनकोडवरून वस्तू परत उचलण्याची सोय नाही’ असे उत्तर आले. आणताना पिनकोड चालला होता. अखेर तो नागपूरला जाणाऱ्या ट्रॅव्हल्सवर घालून पाठवावा लागला आणि त्यात तीन आठवडे गेले. तेव्हापासून मी खोके उघडतानाच मोबाइलवर चित्रण करून ठेवते.

तपासणी अशी करते. सॉफ्टवेअरमध्ये आलेल्या प्रत्येक स्वराचा आकडा दिसेल अशी खिडकी उघडायची. मग डावीकडून उजवीकडे प्रत्येक पट्टी तीनदा वाजवायची: हळू, मध्यम, जोराने. आकडे साधारण तीस, सत्तर, एकशे दहा असे चढत गेले पाहिजेत. एखादी पट्टी काहीही केले तरी १२७ च दाखवत असेल, किंवा एकदा दाबल्यावर दोन स्वर नोंदवत असेल, तर खालचे रबर गेले आहे असे समजावे. खुंट्या फिरवताना आकडा सरळ चढला पाहिजे. ६४, ६५, ४१, ६६ असा मधूनच उडी मारत असेल, तर आत धूळ आहे. आपल्याकडे कापसाची कस्पटे खोलीभर उडत असतात त्या दिवसांत तर कीबोर्डावर उपरणे टाकल्याशिवाय उठूच नये.

माझे मत मात्र अजून बदललेले नाही. आठ दिवस आपण मोठ्या पट्ट्यांवर वाजवले आहे. आता दुकानात जाऊन लहान पट्ट्यांवर तीच भजनाची चाल डोळे मिटून वाजवून पाहा. एक अंतरा न चुकता निघाला, तर दादांचे ऐका. नाही निघाला, तर माझे.

---

शिवारातली पेटी (आर्वी तालुका)

काल नागपूरला जाऊन आलो. सीताबर्डीत एका दुकानदाराने एमपीके मिनी आणि मिनीलॅब ३ दोन्ही काढून दिले आणि माझा लॅपटॉप जोडू दिला. डोळे मिटून वाजवताना ध्रुवपद दोन्हींवर नीट निघाले. अंतऱ्यात तार षड्जावर जाताना दोन्हींवर बोट एक पट्टी पुढे पडले, ताईंच्या विद्यार्थ्याच्या अगदी उलट. चौथ्या-पाचव्या वेळेपर्यंत चूक सुधारली, पण त्यासाठी मनगट जवळ ओढून बसावे लागले, हे खरे आहे.

त्यानंतर मिनीलॅबची पहिली सरकपट्टी ११ ला जोडून घेतली. दुकानदाराला ते कशाला हवे ते कळेना. सर्जमध्ये एक साधा लांब सूर लावला, उजव्या हाताने षड्ज धरला आणि डाव्या हाताने सरकपट्टी भात्यासारखी पुढेमागे केली. नऊ वर्षांची सवय असल्यामुळे डावा हात न सांगता ठेक्यावर चालू लागला. पॅडकडे माझे लक्षच गेले नाही.

मोठ्या मापाचा कीबोर्ड मला अजूनही हवा आहे, पण तो मोटारसायकलवर बसत नाही, आणि पेटी तर घरात आहेच. मोठ्या पट्ट्यांचा हात तिच्यावर राहील. मिनीलॅब घेतला. खोके दुकानातच उघडले आणि पंचवीसही पट्ट्या ताईंच्या रीतीने तीन-तीनदा वाजवून पाहिल्या. पट्ट्या सगळ्या ठीक आहेत. मधल्या बोटाचा आकडा ९६ येतो आणि अनामिकेचा ३८, त्याला मात्र दुकानदार बदलून देत नाही. सेतू केंद्रातल्या मुलाची केबल आज सकाळी परत केली.